बहीण संभाजीनगरला हॉटेलात हाऊसकीपिंगला लागलीय, सेफ्टीसाठी काय बघावं?
ताईला पहिलं हे सांगा की गेस्ट आत असेल तर एकटीनं रूममध्ये जायचंच नाही, आणि रिकामी रूम करतानाबी ट्रॉली दारात आडवी लावायची, वेरूळ रोडच्या लॉजवर आम्ही असंच करायचो. गेस्टनं त्रास दिला तरी २०१३ चा लैंगिक छळाचा कायदा लागू होतो बरं का, मॅनेजर "गेस्ट आहे, जाऊ दे" म्हणला तरी ऐकू नका. १० किंवा जास्त माणसं कामाला असली की मालकाला अंतर्गत समिती ठेवावीच लागते, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्या. लगेच मदत लागली तर ११२. अजून एक, टॉयलेटचं अ‍ॅसिड अन ब्लीच कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस निघतो.