मामांच्या नावावरचे शेअर

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, घरचीच प्रायव्हेट लिमिटेड. 58 टक्के शेअर आम्हा भावांच्या नावावर, 30 टक्के वडिलांच्या एचयूएफचे (हिंदू अविभक्त कुटुंबाचे). उरलेले 12 टक्के मामांच्या नावावर आहेत, पण पैसे तेव्हा वडिलांनीच घातले होते. आता सीए म्हणतात, खरा मालक कोण ते लिहून द्या. मामा 81 वर्षांचे आहेत. त्यांच्यापुढे असला कागद ठेवायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होईल. घरच्या कंपनीला हे खरंच लागू होतं का?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : होतं. आणि मामांचा मान राखायचा असेल तर तो कागद करायलाच हवा, असं मी म्हणेन.

आधी सोपं घेऊ. एचयूएफचे 30 टक्के शेअर कायद्याच्या नजरेत कर्त्याकडे (कुटुंबप्रमुखाकडे), म्हणजे तुमच्या वडिलांकडे, अप्रत्यक्षपणे आहेत. अशी मालकी 10 टक्के किंवा जास्त असली की कंपनी कायदा 2013 च्या कलम 90 प्रमाणे वडिलांनी कंपनीला बीईएन-1 हा मालकी जाहीर करणारा फॉर्म द्यायचा आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांत कंपनीने कंपनी निबंधकांकडे बीईएन-2 हा फॉर्म भरायचा. 2019 पासून हे चालू आहे. जाहीर न करणाऱ्याला 50 हजार रुपये दंड, शिवाय रोजचे 1,000, एकूण 2 लाखांपर्यंत. पुढे कर्ता बदलला तर पुन्हा 30 दिवसांत कळवायचं. तुम्हा भावांचे शेअर स्वतःच्याच नावावर आहेत, त्यांना बीईएन-1 लागत नाही.

मामांचे 12 टक्के त्याच कायद्याच्या कलम 89 मध्ये येतात. तिथे मामांनी एमजीटी-4 या फॉर्ममध्ये लिहायचं, ‘नाव माझं, हक्क यांचा’. वडिलांनी एमजीटी-5 मध्ये तेच आपल्या बाजूने. आणि कंपनीने एमजीटी-6 भरायचा. तुमच्याकडे हे राहून गेलेलं दिसतं. त्यातलं सगळ्यात जड कलम दंडाचं नाही. खऱ्या मालकाने जाहीर केलं नाही, तर त्या शेअरवरचा हक्क त्याला बजावता येत नाही आणि त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यालाही नाही. म्हणजे उद्या तुम्हालाही नाही.

उद्यमनगरातल्या एका घरात मी हे डोळ्यांनी पाहिलं. नाव लावलेला माणूस सरळ होता, शेवटपर्यंत ‘हे तुमचंच’ म्हणत राहिला. तो गेला आणि त्याच्या मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या हाती बापाच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट होतं, त्यांनी ते खरं मानलं. त्यांचं काय चुकलं? दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं, लग्नाच्या पत्रिकासुद्धा थांबल्या. माझ्याकडे आले तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

सही करण्याआधी मात्र जुनं बँकबुक, शेअर सर्टिफिकेट आणि सभासद नोंदवही घेऊन वकिलाकडे जा. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं म्हटलं की बेनामी व्यवहारांचा कायदाही पाहावा लागतो. बायको-मुलांच्या नावाला त्यात, पैसे कुठून आले ते दाखवता आलं तर, सूट आहे. मेव्हण्याच्या नावाला नाही. म्हणून वकिलाचं मत आधी, फॉर्म नंतर.

मामांना सहीसाठी सीएच्या ऑफिसात बोलावू नका. वडिलांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा. बोलणं वडिलांनीच काढावं, कारण शब्द त्या दोघांमधला आहे. आणि मामांची मुलं त्या वेळी घरात असतील अशीच वेळ धरा.