बदामीच्या कड्यावरच्या तिरप्या रेषा

प्रश्न : बदामीच्या लेण्यांत लाल भिंतींवर तिरप्या रेषा दिसल्या. भूकंपाने खडक कलला असेल का? त्यात जीवाश्म मिळतील का? आणि हा दगड म्हणजे आपला जांभाच का?

उत्तर : खडक कललेला नाही. हा गाळाचा वालुकाश्म, प्रिकँब्रियन या अतिप्राचीन कालखंडाच्या उत्तरार्धात नद्यांनी आणलेल्या वाळूचा. वाहत्या पाण्याने वाळूची लाट पुढे सरकते तेव्हा कण उतारावरून घसरत थर रचतात. हे थर जन्मतःच तिरपे असतात.

खात्री अशी करा. आधी मोठ्या थरांच्या सीमा शोधा, त्या जवळजवळ आडव्या दिसतील. मग दोन सीमांमधल्या बारीक रेषा पाहा. वर त्या चाकूने कापल्यासारख्या तुटतात, खाली वळत सीमेला टेकतात. वरचा भाग पुढच्या लोंढ्याने खरवडून नेलेला असतो. रेषा ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला पाणी वाहत होते; मात्र एकाच भिंतीवरून दिशा ठरवू नका, काटकोनातली दुसरी भिंतही पाहा. खडक खरोखर कलला असता तर सीमाही कलल्या असत्या. बागलकोट परिसरात बदामी गटाखालचे, म्हणजे या वालुकाश्माच्या थरसमूहाखालचे, जुने थर तसेच कललेले आणि घड्या पडलेले आहेत.

रंगाच्या पट्ट्यांवर मात्र विसंबू नका. तिसऱ्या लेण्यातल्या मूर्तींच्या अंगावरून गेलेले जांभळे-पांढरे पट्टे फार सुंदर आहेत, पण झिरपत्या पाण्याने हलवलेले लोह असे पट्टे थरांना छेदूनही काढते. थर ओळखायचा तो कणांच्या आकारावरून, दहापट भिंगाने.

हाडे किंवा शिंपले मिळणार नाहीत. प्रिकँब्रियन सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी संपले आणि हाडांचे प्राणी त्यानंतरचे. फटींत नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा मँगनीजची असते, वनस्पतीची नव्हे.

जांभ्याचाही लाल रंग लोहाचाच, पण जांभा हा खडक जागच्या जागी कुजून बनतो. त्यात थर नसतात, भोके असतात. वालुकाश्मात भिंगाखाली काचेसारखे गारेचे (क्वार्ट्झचे) कण दिसतात आणि ते काचेवर ओरखडा काढतात. खिळ्याने घासल्यावर दगड भुरभुरला म्हणून त्याला मऊ समजू नका : तुटते ते कणांना धरणारे सिमेंट, कण शाबूत राहतात. ही परीक्षा लेण्यांत मुळीच करू नका. संरक्षित वास्तूवरचा ओरखडा कायमचा असतो. गावाबाहेर, रस्त्याकडेला पडलेला तुकडा पुरेसा आहे.