डॉक्टरला किल्ली मिळाली कुठून?

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली, नीटचे क्लास सुरू आहेत आणि सराव परीक्षेत जेमतेम 58 टक्के पडले. त्याच्या टेबलावर एक दोनशेपानी वही सापडली. तीत रहस्यकादंबऱ्यांमधले खून, विषं, कोण किती वाजता कुठे होतं याचे तक्ते, तेही तीन रंगांच्या पेनांनी. मी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन आठवडे झाले, तो माझ्याशी बोलत नाही. लेखक व्हायचंय, असं आईला सांगतो. खऱ्या लेखकाला असली गणितं मांडावी लागतात का? गुन्ह्यातच रस असेल तर फॉरेन्सिक सायन्सला घालू का? वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवतोय.
– एक पालक, मानेवाडा, नागपूर (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर:

नमस्कार. तुमचं पूर्ण पत्र दीड पानाचं आहे. त्यात टक्क्यांबद्दल सात वाक्यं आहेत. एकाच घरात राहणारा सतरा वर्षांचा मुलगा तीन आठवडे वडिलांशी बोलत नाही, याबद्दल एक. मी मोजली, कारण मला काळजी वाटली ती त्या एका वाक्याची.

तुम्ही घाबरलात, हे मला कळतं. मुलाच्या अक्षरात 'विष' आणि 'गळा' असे शब्द दिसले की कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण घाबरलेल्या माणसाने आधी विचारावं, 'हे काय आहे रे?' तुम्ही विचारलं नाही, सरळ कुलूप लावलं. आणि वही कपाटात गेल्यावर त्याचा अभ्यास वाढला, असं पत्रात कुठेही नाही. वाढला असता तर तुम्ही नक्की लिहिलं असतं. जेवणाच्या ताटावर बाप-लेक मुके बसत असतील तर त्या घरात फिजिक्सचं पुस्तक उघडं असूनही वाचलं जात नाही. गेली कित्येक वर्षं मी बारावीची मुलं पाहते आहे. मार्क कमी पडल्याने खचलेली मुलं सावरतात. घरच्यांनी आपली आवडती गोष्ट न बघताच वाईट ठरवली, ही बोच मात्र फार काळ टिकते.

फोटो मी मोठे करून पाहिले. तुम्ही ती पानं धास्तावून पाहिलीत, म्हणून त्यांवर काय आहे ते सांगते. एका कादंबरीची बावीस प्रकरणं एकाखाली एक लिहिली आहेत. प्रत्येकासमोर दोन रकाने आहेत: 'खरं काय घडलं' आणि 'वाचकाला काय सांगितलं'. रहस्यकथेत नेहमी दोन गोष्टी असतात. एक गुन्ह्याची, जी आपल्या नजरेआड घडून गेलेली असते. दुसरी तपासाची, जी आपण वाचतो. त्झ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने 1966 मध्ये हीच मांडणी केली. तुमच्या मुलाने त्याचं नावही ऐकलं नसावं. त्याने पट्टी घेऊन रकाने आखले आणि तिथे पोचला.

पुढे बघा. प्रकरण 4 समोर त्याने हिरव्या पेनाने लिहिलंय: 'बॅगेतल्या आठ वस्तूंची यादी. किल्ली पाचवी. लगेच फोन वाजतो. म्हणून लक्षात राहत नाही.' ही ओळ वाचून मी थांबले. महत्त्वाचा दुवा वाचकासमोर उघड ठेवायचा, पण यादीच्या मधोमध, आणि पाठोपाठ काहीतरी दणकेबाज घडवायचं, ही या लेखनातली अस्सल हातोटी आहे. वाचकाला फसवायचं, पण त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेला पाहिजे. शेवटच्या पानावर नवा माणूस आणून त्याच्या गळ्यात खून बांधायचा नाही. लाल पेनाने मुलाने फसवे धागे टिपलेत आणि प्रत्येकापुढे 'याचं खरं कारण' असं लिहिलंय. माळी रात्री बागेत का होता, तर चोरून विडी ओढायला. फसव्या धाग्यालाही स्वतःचं खरं उत्तर लागतं, हे छापून आलेल्या लेखकांनाही कधीकधी उमगत नाही.

तुम्ही लेखापरीक्षणात नोकरी करता, असं लिहिलंत. मग हे काम तुम्ही ओळखायला हवं होतं. व्हाउचरची तारीख, नोंदीची तारीख आणि मधली गायब कडी शोधण्यात तुमचा दिवस जातो. त्याने एका कादंबरीचं ऑडिट केलंय. हा गुण त्याला घरातूनच आला असावा.

आता तुमचा गैरसमज. 'खऱ्या लेखकाला असली गणितं मांडावी लागतात का?' हो, मांडावी लागतात. आपल्याकडे समज असा की प्रतिभा उपजत असते, लेखकाला ओळी सुचतात, आणि जो आखणी करतो तो कारागीर. रहस्यकथेपुरता तरी हा समज साफ चूक आहे. इंग्रज लेखक विल्यम गॉडविन यांची 'केलेब विल्यम्स' ही कादंबरी 1794 ची. त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं की आधी तिसरा खंड रचला, मग दुसरा, शेवटी पहिला. अमेरिकन कथाकार एडगर अॅलन पो यांनी 1846 च्या एका निबंधाची सुरुवातच या किश्श्याने केली आणि म्हटलं की शेवट पक्का ठरल्याशिवाय कथानकासाठी लेखणी उचलूच नये. रहस्यकादंबरीकार अॅगाथा ख्रिस्ती यांच्या 73 वह्या आज उपलब्ध आहेत. साध्या वह्या; त्यात खुनाचे बेत, पात्रांच्या याद्या, खोडलेले पर्याय, मध्येच घरखर्चाच्या नोंदी. विषांची माहिती त्यांना झाली ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषध विभागात काम करताना. त्या वह्या कोणी कुलपात टाकल्या असत्या तर? तुम्ही स्वतः शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पांघरुणात घेऊन वाचायचात, असं लिहिलंय. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिणाऱ्या त्या माणसाला रोज नवं काही सुचत होतं, एवढ्यावर ते भागलं असेल का?

मुलाला मात्र मला एक सुनवायचं आहे; हा भाग त्याला वाचायला द्या. बाळा, दोन पानांत तुझी स्वतःची एकही ओळ नाही. घड्याळ उघडता येणं आणि घड्याळ बनवणं यात फरक आहे. परीक्षा झाल्यावर वीस पानांची एकच गोष्ट लिही. विलायती हवेली नको. इतवारीच्या सराफ्यातलं एखादं दुकान घे, मे महिन्याची दुपार घे, रस्ता ओस पडलेला. आधी शेवटचं पान लिही: कोणी, का, कसं. मग 'खरं काय घडलं' हा रकाना पूर्ण भर, तासातासाने. त्यानंतरच ठरव की वाचकाला त्यातलं काय, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या तोंडून कळणार. तीन खुणा पेर. मग कादंबऱ्या न वाचणाऱ्या माणसाला गोष्ट वाचायला दे आणि संशय कोणत्या पानावर आला तेवढं विचार. तिसऱ्या पानावरच आला तर खूण उघडी पडली. शेवटपर्यंत आलाच नाही आणि उत्तर वाचून तो चिडला, तर खूण पेरलीच गेली नव्हती. आपल्या भाषेत लिही. आणि दोन महिने फिजिक्स-केमिस्ट्री नेटाने कर. त्यातून पळायला ही वही वापरू नकोस.

परीक्षांचं थोडक्यात. बोर्डाची परीक्षा मन लावून द्यावी, सीईटी द्यावी. पण नीटसाठी वर्ष वाया घालवून रिपीट करणं माझ्या मते चूक ठरेल, कारण डॉक्टर व्हायचंय असं तो कुठेच म्हणालेला नाही. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे आणि फॉरेन्सिक सायन्स हा चांगला विषय आहे, पण त्याला रस गुन्ह्यात नाही, गोष्ट लपवण्याच्या युक्तीत आहे. तिथे त्याला घालू नका. साहित्य किंवा मानसशास्त्र घेऊन बीए, पुढे अमरावतीच्या आयआयएमसीत (भारतीय जनसंचार संस्थेत) मराठी पत्रकारिता किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत पटकथालेखन, हे रस्ते खुले आहेत. लेखनावर लगेच घर चालत नाही, म्हणून पोटापाण्याचं कौशल्य जोडीला हवंच. पण ही चर्चा निकालानंतर, आणि त्याला समोर बसवून.

आज एकच करा. फोटोतल्या दुसऱ्या पानाच्या तळाशी त्याने लिहिलंय: 'पण डॉक्टरला किल्ली मिळाली कुठून? प्र. 4 आणि 9 परत वाचणे.' त्याखाली पान कोरं आहे. बहुधा याच ओळीवर असताना वही तुमच्या हाती लागली. रात्री जेवणं झाली की कपाट उघडा, वही त्याच्या हातात द्या, 'चुकलो' म्हणा. मार्कांचं काढू नका. मग शेजारी बसा आणि विचारा, 'त्या डॉक्टरला किल्ली मिळाली कुठून रे?'