आत्याने लावलेले लग्न कायद्याला चालते का?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात आहे. ते तिच्या आत्याने लावावे, असा मुलीचा हट्ट आहे. आत्या संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि मुलाकडच्यांचीही याला संमती आहे. आमचे घरचे गुरुजी मात्र म्हणतात, की अशा लग्नाला कायद्यात किंमत नाही. हे खरे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे खरे नाही, आत्यांना खुशाल लग्न लावू द्या. हिंदू विवाह कायदा, 1955 मधील कलम 7 एवढेच सांगते, की विवाह वधू किंवा वर यांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे व्हावा. ते विधी कोणी सांगावेत, त्याची जात कोणती असावी, तो पुरुष असावा की स्त्री, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. कायदेमंडळाला धर्मगुरू हवाच असतो तेव्हा ते तसे स्पष्ट लिहिते : 1936 च्या पारशी विवाह कायद्यात दोन पारशी साक्षीदारांसमोर धर्मगुरूने आशीर्वाद देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तर जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 पासूनच ब्राह्मण पुरोहिताविना लग्ने लावली, आणि पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेल्या स्त्रिया आज पौरोहित्य करतातच.

तेव्हा काळजी लग्न लावणाऱ्याची नव्हे, विधींची करावी. तुमच्या घरी सप्तपदीची रूढी असेल, तर कायद्याच्या दृष्टीने विवाह पूर्ण होतो तो सातवे पाऊल पडल्यावर. आपल्याकडे मात्र अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की मांडव पंगतीकडे वळतो आणि तांदळाच्या सात पुंजक्यांवरून वधू पाऊल टाकत असते तेव्हा समोर चार माणसेही नसतात. मला हे फार खटकते, कारण उद्या वाद उद्भवलाच तर न्यायालयात नेमका हाच क्षण सिद्ध करावा लागतो. छायाचित्रकाराला तोवर थांबवून घ्या आणि दोन्हीकडची वडीलधारी माणसे होमाजवळ बसवा.

नोंदणी केली म्हणजे विधी झालेच, असेही समजू नये. विधी न करता केवळ नोंदणीचा दाखला मिळवलेल्या एका दांपत्याचा हिंदू विवाह सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली वैध मानला नाही. ज्यांना विधी नकोतच, त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर लग्न होते.

दाखल्याची अडचणही मोठी नाही. महाराष्ट्रातील विवाह नोंदणीच्या अर्जावर वधूवर आणि तीन साक्षीदार यांच्याबरोबर पुरोहिताचीही सही असते. प्रत्यक्ष विधी आत्यांनी केले असतील, तर त्या जागी त्यांचेच नाव आणि त्यांचीच सही असावी. कार्यालयात हरकत निघेल या भीतीने, लग्नाला हजरही नसलेल्या एखाद्या गुरुजींची सही मात्र घेऊ नका. ते खोटे निवेदन ठरेल.