पहिल्यांदा पेशंटची हिस्टरी (म्हणजे त्रासाची, सवयींची, औषधांची विचारपूस) घ्यायला जाताय ना, मग हे वाचा

अगं फॉर्म हातात धरून सरळ प्रश्न विचारायला सुरुवात नको करूस, आधी स्टूल ओढून बेडजवळ बस, नाव सांग आणि 'मावशी, काय त्रास होतोय, पहिल्यापासून सांगा' एवढंच विचार आणि मग खरंच गप्प बस, मधे तोडू नकोस.

'तंबाखू खाता का' म्हटलं की बऱ्याच बायका नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या हिशोबात तंबाखूच नसते, म्हणून मशेरीचं वेगळं विचारायचं. ॲलर्जीचंही तसंच, 'कुठल्या गोळीने अंगाला खाज, पुरळ, सूज आली होती का' असं विचार. गोळ्यांची नावं कुणाला पाठ नसतात गं, पिशवीच दाखवायला सांग, आणि काढा वगैरे चालू असेल तर तेही लिही.

सुनेसमोर किंवा नवऱ्यासमोर पेशंट सगळं बोलत नाही, पाळीचं, लघवीचं, घरातल्या मारहाणीचं तर नाहीच, त्यामुळे नातेवाईकांना थोडा वेळ बाहेर थांबव, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बीपी घ्यायच्या आधी 5 मिनिटं शांत बसू दे. श्वास मोजताना सांगू नकोस, नाडी धरल्यासारखा हात धरून पूर्ण 1 मिनिट मोज, कळलं की श्वास बदलतो.