मध्ययुगीन सांगाड्यांवरून कानाचा आजार कसा ओळखतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कानाचा मऊ भाग कुजून जातो, मग मध्ययुगातल्या माणसाचा कान दुखावलेला होता हे सांगाड्यावरून कसं कळतं? आणि तो बहिरा होता का, हे सांगता येतं का?

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. या विषयावर मिळेल ते वाचतो, कारण वर्षानुवर्षं कान वाहणारे रुग्ण आजही माझ्याकडे येतात आणि त्यांच्या ऑपरेशनमध्ये जे दिसतं तेच त्या कवट्यांतही दिसतं.

आतला कान ज्या हाडात असतो ते शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एक, त्यामुळे ते चांगलं टिकतं. मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडुकं असतात. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची. कवटीत माती भरली की ही हाडुकं बहुधा त्या मातीतच अडकून राहतात. घाईने कवटी धुतली तर पाण्याबरोबर गेलीच! म्हणून कानातली माती वेगळी काढून बारीक चाळणीतून गाळावी लागते. जिथे ही काळजी घेतली गेली नाही, तिथला पुरावा कायमचा गेला, आणि याची मला फार हळहळ वाटते.

मधल्या कानात पू वर्षानुवर्षं राहिला की बहुतेक वेळा ऐरणीचा लांब दांडा आधी झिजतो, कारण त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. दुसरी पाहायची जागा म्हणजे कानामागचं हाड, मास्टॉइड. ते एरवी हवेच्या पोकळ्यांनी भरलेलं असतं. लहानपणापासून कान फुटत राहिलेल्यांमध्ये या पोकळ्या कमी आढळतात आणि एक्स-रेमध्ये हाड भरीव दिसतं. पू हाड फोडून बाहेर आला असेल तर तिथे भोक असतं. त्याच्या कडा गोलसर झाल्या असतील तर माणूस त्यानंतरही काही काळ जगला. कडा धारदार आणि आतून फिकट असतील तर ती बहुतेक खोदकामातली मोडतोड.

इंग्लंडमधल्या चिचेस्टरला १२व्या शतकात कुष्ठरोग्यांसाठी स्थापन झालेलं एक रुग्णालय होतं. त्याच्या दफनभूमीतल्या सांगाड्यांची ही हाडुकं मुद्दाम तपासली गेली. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण कुष्ठरोग नाकाचा आतला भाग पोखरतो आणि नाकामागून मधल्या कानाकडे जाणाऱ्या नळीतून संसर्ग वर चढू शकतो. कान एकटा आजारी पडत नाही, हे विसरून सांगाडा वाचता येत नाही.

एक मोठी मर्यादा मात्र आहे. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो. कानातला पू मेंदूपर्यंत जाऊन चार दिवसांत दगावलेल्या मुलाची हाडं अगदी स्वच्छ दिसतील. म्हणजे ज्याच्या हाडावर खुणा आहेत तो आजार झेलून बराच काळ जगलेला असतो, आणि निव्वळ खुणा मोजून एखाद्या गावात कानाचे आजार कमी होते असं म्हणणं धाडसाचं ठरतं.

आता बहिरेपणा. ऐरणीचा दांडा तुटलेला असेल तर आवाज पुढे नीट पोहोचत नाही. त्या कानाला मोठ्याने बोललेलंच ऐकू येत असणार, असं मी खात्रीने म्हणेन. रिकीब आपल्या खिडकीत, म्हणजे आतल्या कानात उघडणाऱ्या ज्या छोट्या भोकात ती बसते तिथे, हाडानेच जखडलेली सापडली तरी तेच. पण बहिरेपणा आतल्या कानाच्या नसेचा असेल, तर बहुतेक वेळा हाडं त्याबद्दल काहीच सांगत नाहीत.