पन्नास हजार डॉलरचा ड्रोन पाडायला वीस लाख डॉलरचं क्षेपणास्त्र का लागतं?

प्रश्न थोडक्यात असा: इराणी रचनेच्या शाहेदसारखा आत्मघाती ड्रोन २० ते ५० हजार डॉलरमध्ये तयार होतो, मग तोफा, जॅमर, लेझर हाताशी असताना त्याच्यावर दहा-वीस लाख डॉलरची क्षेपणास्त्रं का उडवतात? आणि भारतावर अशी वेळ आली तर आपणही हेच करणार का?

आधी एक दुरुस्ती. वीस लाखांचा आकडा प्रामुख्याने लाल समुद्रातून आलाय. येमेनमधल्या हूती बंडखोरांचे ड्रोन पाडायला अमेरिकी युद्धनौकांनी एसएम-२ क्षेपणास्त्रं वापरली, त्यांची किंमत त्याच घरात आहे. युक्रेनकडच्या पेट्रियट या हवाई संरक्षण प्रणालीची पीएसी-३ एमएसई तर ४० लाखांच्या आसपास जाते, पण ती बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवतात. शाहेदवर ती उडवणं म्हणजे आणीबाणीच.

तरीही किमतींची ही तुलना मला दुय्यम वाटते. क्षेपणास्त्राची किंमत ड्रोनशी नाही, ड्रोन ज्यावर पडणार होता त्याच्याशी ताडून पाहायची. ४०० केव्हीचा ट्रान्सफॉर्मर वाचला तर दहा लाख डॉलर वसूल झाले, कारण असा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही, बनवून यायला वर्ष सहज जातं. खरी अडचण संख्येची आहे. ती बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनने २०२४ च्या अख्ख्या वर्षात पीएसी-३ एमएसई दिली ती साधारण ५००. ९ जुलै २०२५ च्या एका रात्रीत रशियाने युक्रेनवर सोडलेले ड्रोन ७२८, आणि ७ सप्टेंबरच्या रात्री ८०० च्या वर. यात प्लायवूड-फोमचे गेरबेरासारखे बनावट ड्रोनही धरलेत, पण रडारवर ठिपका तो ठिपकाच. पैसे कोणीतरी देईल, पण कारखान्यातून निघालेलीच नसतील ती क्षेपणास्त्रं आणणार कुठून?

आता तोफा. शाहेद-१३६ सुमारे साडेतीन मीटर लांब, अडीच मीटर पंखांचा, वजन २०० किलोच्या आसपास. मागे ५० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन, जर्मन लिंबाखची नक्कल. वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. ऐकायला सोपं सावज वाटतं. पण ४० मिमीचा गोळा २ किलोमीटरवर पोचायला अडीच सेकंद घेतो, तेवढ्यात आडवा जाणारा ड्रोन सव्वाशे मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे नेम ड्रोनवर नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या आकाशात धरायचा. एका अंशाची चूक झाली तर २ किलोमीटरवर गोळा ३५ मीटर लांबून जातो. हे गणित माणसाच्या डोळ्याने रात्री जमत नाही. त्यासाठी मागोवा घेणारं रडार किंवा थर्मल कॅमेरा, लेझर रेंजफाइंडर आणि अग्निनियंत्रण संगणक लागतो. ‘स्वस्त तोफ’ म्हणतात तिच्यातली ही सामग्री स्वस्त नसते.

एवढं करूनही थेट गोळा लागणं कठीण, म्हणून गोळ्याचा फ्यूज, म्हणजे तो कधी फुटायचा ते ठरवणारा भाग, महत्त्वाचा. प्रॉक्सिमिटी फ्यूज असेल तर लक्ष्याच्या जवळून जाताना गोळा आपोआप फुटतो. ३५ मिमीच्या अहेड प्रकारच्या गोळ्यात टंगस्टनचे १५२ तुकडे असतात. नळीच्या तोंडावरची कॉइल प्रत्येक गोळ्याचा वेग मोजते आणि त्याच क्षणी ‘इतक्या मिलिसेकंदांनी फूट’ असं त्यात भरते. ड्रोनच्या वाटेत तुकड्यांची चाळण उभी राहते. साध्या गोळ्यांनी हेच करायचं तर दारूगोळा पाण्यासारखा जातो. गेपार्ड या जर्मन तोफगाडीच्या दोन नळ्या मिळून मिनिटाला ११०० फैरी झाडतात आणि गाडीत विमानविरोधी गोळे ६४०. घोडा दाबून धरला तर ३५ सेकंदांत गाडी रिकामी, म्हणून छोट्या-छोट्या फैरी. त्यात स्वित्झर्लंडने आपल्या बनावटीचे गोळे युक्रेनला द्यायला परवानगी नाकारली आणि ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीला २०२३ मध्ये जर्मनीत वेगळं उत्पादन उभारावं लागलं. तोफ मित्राने दिली तरी गोळा कोणाच्या देशात बनतो हे खरेदीच्या आधीच विचारायचं असतं.

तोफेची दुसरी मर्यादा म्हणजे तिचा पल्ला. ४० मिमीची परिणामकारक कक्षा साडेतीन-चार किलोमीटर. शंभर किलोमीटरची रेषा झाकायची आणि शेजारच्या तोफांच्या कक्षा एकमेकींवर यायला हव्यात, तर दर पाच किलोमीटरला एक ठाणं, म्हणजे वीस ठाणी. प्रत्येक तोफ एका वेळी एकाच लक्ष्याशी भिडते. एकाच फटीतून दहा ड्रोन आले तर बाकीची अठरा-एकोणीस ठाणी नुसती आवाज ऐकत बसतात. तोफ विमानतळ, रिफायनरी, वीजकेंद्र अशा ठिकाणाभोवती कामाची. अख्ख्या प्रदेशाचं छत्र ती होऊ शकत नाही. युक्रेनने पिकअप गाड्यांवर जड मशिनगन, सर्चलाइट आणि थर्मल दुर्बिणी बसवून फिरती पथकं केली ती याच कारणाने. ती चाललीही. मग २०२५ मध्ये रशियाने शाहेद दोन-तीन किलोमीटर उंचीवरून आणायला सुरुवात केली. १२.७ मिमीची गोळी तिथे पोचेपर्यंत दम सोडते.

उंचीचा खेळ दुधारी आहे, हे बऱ्याच चर्चांत सुटतं. पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही. साधं सूत्र आहे: अँटेना आणि ड्रोन यांच्या उंचींची (मीटरमध्ये) वर्गमुळं घ्या, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. दहा मीटर उंच अँटेना आणि ५० मीटरवरून येणारा ड्रोन: ४२ किलोमीटर. ताशी १८० ने ही १४ मिनिटं, तीही सपाट जमीन असेल तर. डोंगर, इमारती आल्या की निम्मीही उरत नाहीत. तोच ड्रोन दोन हजार मीटरवर असेल तर क्षितिज १९० किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणजे खालून आला तर तोफेच्या पल्ल्यात पण रडारला उशिरा दिसतो, वरून आला तर रडारला लवकर दिसतो पण बंदुकीला पोचत नाही. हल्ला करणारा दोन्ही मिसळून पाठवतो.

खालच्या ड्रोनसाठी युक्रेनने कान लावले. खांबांवर मायक्रोफोन, एकेकाची किंमत ४०० ते ५०० डॉलर, देशभर जवळपास दहा हजार. सगळे मिळून पन्नास लाख डॉलरच्या आत, म्हणजे पेट्रियटच्या सव्वा क्षेपणास्त्राची किंमत. टू-स्ट्रोकची फटफट ओळखायची, कोणत्या खांबाने आधी ऐकली आणि कोणत्याने नंतर यावरून मार्ग काढायचा, आणि पुढच्या पथकाच्या टॅबलेटवर टाकायचा. वारा, पाऊस आणि उंची यांनी हे बिघडतं. तरी माझ्या मते अख्ख्या युद्धातली पैशाच्या मानाने सर्वांत शहाणी खरेदी हीच.

जॅमरबद्दल बराच गोंधळ असतो, कारण ‘ड्रोन’ या एका नावाखाली तीन वेगळी जनावरं येतात. चालकाच्या हातातल्या रेडिओवर चालणारा क्वाडकॉप्टर किंवा एफपीव्ही (ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून पाहत चालवायचा): दुवा तोडला की तो आंधळा होतो, जॅमर इथे उत्तम. मागे ऑप्टिकल फायबरचा धागा सोडत जाणारा एफपीव्ही: तोडायला रेडिओ दुवाच नाही, जॅमर निरुपयोगी. आणि शाहेद: मूळ रूपात तो कोणाशी बोलतच नाही, आधी भरलेल्या निर्देशांकांवर उपग्रह आणि जडत्व दिशादर्शनाने (स्वतःची हालचाल मोजत जागा ओळखून) जातो. तिथे तोडायचा तो उपग्रह संकेत. त्यावर रशियाचा उतारा म्हणजे कोमेता नावाचा अनेक घटकांचा अँटेना. ज्या दिशेने गोंगाट येतो त्या दिशेला तो बहिरा होतो. ढोबळ नियम असा की जितके घटक, त्याहून एक कमी इतक्या जॅमरना तो झेलतो. आधी चार घटक होते, मग आठ, मग सोळा. म्हणजे एकाच जागी मोठा जॅमर ठेवून भागत नाही, वेगवेगळ्या दिशांना बरेच लागतात.

आणि जॅम झाला म्हणून ड्रोन नाहीसा होत नाही. जडत्व यंत्रणेची चूक वेळेबरोबर साचत जाते, तो शेकडो मीटर भरकटतो आणि ५० किलोच्या स्फोटकासह कुठेतरी उतरतो. मोकळ्या रानावर हे चालतं, वस्तीवर नाही. शहराच्या डोक्यावर जॅम करण्यापेक्षा शहराच्या तीस-चाळीस किलोमीटर आधी केलेलं बरं.

लेझरवर फार वेळ घालवत नाही. डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ ला कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरची यशस्वी चाचणी केली, प्रगती खरीच आहे. पण किरण काही सेकंद त्याच ठिपक्यावर रोखून धरावा लागतो, एका वेळी एकच लक्ष्य, आणि धुकं, धूळ, पाऊस किरण खातात. जुलैतल्या कोकण किनाऱ्यावर मी त्याच्या भरवशावर काही ठेवणार नाही.

२०२५ मध्ये चित्र खरोखर बदललं ते इंटरसेप्टर ड्रोनने. गोळीच्या आकाराचं शरीर, चार मोटरी, थर्मल कॅमेरा, वेग ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर, किंमत काही हजार डॉलर. तो थेट धडकतो किंवा जवळ जाऊन फुटतो. इथेही गणित पाहा. ताशी २८० चा इंटरसेप्टर १८० च्या शाहेदमागे लागला तर अंतर मिनिटाला दीड-पावणेदोन किलोमीटरने घटतं. शाहेद पाच किलोमीटर पुढे निघून गेला असेल तर पाठलागाला तीन मिनिटं, तेवढ्यात दोघं चौदा किलोमीटर लांब. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांचीच, त्यातली काही उंची गाठण्यात गेलेली. म्हणून उड्डाण शाहेद पोचायच्या आधी, त्याच्या वाटेवरून व्हायला हवं, आणि चालकाला कोणीतरी ‘अमुक दिशा, अमुक उंची’ सतत सांगत राहावं लागतं. रडार नसेल तर हा स्वस्त ड्रोन काळोखात नुसता घिरट्या घालतो. आणि गेरान-३, म्हणजे शाहेदचा जेट इंजिनाचा रशियन अवतार, आला की वेगातला फायदाच संपतो.

आता भारत. ८-९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी साधारण ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्राथमिक तपासात ते तुर्की बनावटीचे सोनगार असल्याचं दिसलं, आणि हवाई संरक्षणाची चाचपणी करून माहिती काढणं हा हेतू असावा असंही त्यात होतं. हेतू समजून घ्या: तुम्ही मोठं रडार चालू केलंत, क्षेपणास्त्र सोडलंत, की तुमची क्षेपणास्त्र तुकडी कुठे आहे हे शत्रूला कळलं. अशा वेळी तोफेने उत्तर देणं पैसे वाचवण्यापेक्षा झाकली मूठ झाकलेली ठेवण्यासाठी जास्त गरजेचं असतं. आपल्या एल-७० तोफा साठच्या दशकातल्या. त्यांच्यावर नवे सेन्सर आणि स्वयंचलित मागोवा यंत्रणा बसवल्यामुळे त्या पुन्हा कामाच्या झाल्या. सोबत दोन नळ्यांच्या २३ मिमी झेडयू तोफा होत्या.

पण त्या रात्रीचं खरं काम माझ्या मते आकाशतीरने केलं. भारत इलेक्ट्रॉनिक्सशी (बीईएल) मार्च २०२३ मध्ये १,९८२ कोटींचा करार झाला ती लष्कराची ही प्रणाली वेगवेगळ्या रडारचं चित्र एकत्र करते आणि कोणत्या तोफेने कोणता ठिपका घ्यायचा ते वाटून देते. हे वाटप नसेल तर दोन गोष्टी होतात. एक, पाच तोफा एकाच ड्रोनवर तुटून पडतात आणि दुसरा ड्रोन निवांत निघून जातो. दुसरी जास्त वाईट. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं, हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हळू, खालून येणारा ठिपका शत्रूचाच असं गृहीत धरण्याची किंमत ती. मे २०२५ मध्ये उत्तर-पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद केले, त्याने इतर गोष्टींबरोबर हाही धोका कमी झाला.

आपल्याकडे अजून तोकडं आहे ते तोफ आणि मोठं क्षेपणास्त्र यांच्या मधलं. नागपूरच्या सोलर समूहाचं भार्गवास्त्र तिथे बसतं: छोटी रॉकेटं, अडीच किलोमीटरपर्यंत मारा, आधी २० मीटर घातक त्रिज्येची अनगाइडेड रॉकेटं थव्यावर आणि मग उरलेल्यावर गाइडेड. १३ मे २०२५ ला गोपाळपूरच्या किनाऱ्यावर चाचण्या झाल्या, त्यात दोन रॉकेटं दोन सेकंदांच्या आत एकापाठोपाठ सोडून पाहिली. अडीच किलोमीटर म्हणजे शाहेदच्या वेगाने ५० सेकंद. थव्यासाठी ठीक, पण हेही ठिकाणाभोवतीचंच संरक्षण. मुंबईसारख्या शहरात तर आणखी एक पेच आहे: माहुलच्या रिफायनरीजवळ अडीच किलोमीटरवर पाडलेला ड्रोन चेंबूरच्या घरांवर पडतो. तिथे पहिली फळी समुद्रात, किनाऱ्यापासून बरीच पुढे असायला हवी, म्हणजे नौका, खोल समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मवर रडार आणि हवेतून खाली पाहणारं विमान. त्याचा खर्च भार्गवास्त्रापेक्षा कितीतरी पट आहे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, काही वेळा आपणही महागडं क्षेपणास्त्र ड्रोनवर सोडू. १० सप्टेंबर २०२५ ला पोलंडच्या हद्दीत शिरलेले ड्रोन पाडायला डच एफ-३५ लढाऊ विमानं उडाली होती. त्या मिनिटाला त्या जागी जे पोचतं तेच वापरावं लागतं. खरेदीची यादी पाहताना रॉकेटच्या किमतीच्या आधी खालून येणारा ड्रोन दाखवणारी किती रडार घेतली तो रकाना बघा.